प्रयोग की आख्यान? : ऑनलाइन मानसशास्त्र-प्रवेशाच्या भाषेचे परीक्षण

शालेय वयाच्या विद्यार्थ्यास मानसशास्त्राचा प्रथम परिचय वर्गाबाहेर, पडद्याच्या द्वारे करून देण्याचा उपक्रम अमेरिकेत आता चांगलाच रुळला आहे. कॉलेज बोर्डाची मानसशास्त्रातील प्रगत परीक्षा १९९२ मध्ये सुरू झाली. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलने हा विषय घरबसल्या शिकण्याची सोय केली. २०१४ मध्ये 'क्रॅश कोर्स' या मालिकेने सुमारे दहा-दहा मिनिटांचे चाळीस पाठ यूट्यूबवरून प्रसृत केले. मार्च २०२० नंतर सर्वच विषयांवर जो प्रसंग अकस्मात ओढवला, त्याची पूर्वतयारी या विषयात अशा रीतीने बऱ्याच अंशी झालेली होती. महाराष्ट्रात अकरावी-बारावीस मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे आणि तो मराठीतूनही शिकविला जातो. त्यामुळे या पाठांच्या घडणीचा विचार मराठीच्या अभ्यासकांसही परका मानण्याचे कारण नाही.

या पाठांची स्तुती करण्याजोगे पुष्कळ आहे. ते चटपटीत आहेत, चित्रांनी समृद्ध आहेत आणि निद्रा, स्मृती, भीती अशा विषयांबद्दल पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात असलेल्या कुतूहलाचा ते योग्य उपयोग करतात. तथापि त्यांत एक मूलभूत उणीव आढळते, आणि ती विषयाच्या गाभ्याशीच निगडित आहे. या पाठांत प्रयोग सांगितला जातो. केला जात नाही. पडदा हे स्वतः प्रयोगाचे उत्तम उपकरण असताना त्याचा उपयोग केवळ व्यासपीठासारखा होतो. क्रॅश कोर्सच्या चाळीस पाठांत संशोधनपद्धतीचा स्वतंत्र विचार दुसऱ्याच पाठात उरकतो. पुढे येतात ती थोर प्रयोगांची आख्याने.

आख्यानाची भाषा प्रयोगाच्या भाषेहून कोठे वेगळी होते, हे क्रियापदांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१-६२ मध्ये येल येथे केलेल्या आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ प्रयुक्तांनी ४५० व्होल्टची शेवटची कळ दाबली. हे विधान भूतकाळातील आहे, त्यास कर्ता आहे, संख्या आहे, स्थळ आहे. पाठात त्याचे रूप होते ते असे : 'अधिकारी व्यक्तीने सांगितले की माणसे काहीही करतात.' मराठीतील '-तात' हा प्रत्यय येथे मोठीच कामगिरी बजावतो. तो एका निष्कर्षाचा नियम करून टाकतो. मिलग्रॅम यांनीच पुढे परिस्थिती बदलून तो प्रयोग अनेक वेळा केला आणि आज्ञा देणारा खोलीत नसून दूरध्वनीवरून बोलत असेल, तर शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शावर येते, असे त्यांस आढळले. (दूरस्थ शिक्षकाने हा आकडा आपल्या मेजासमोर टांगून ठेवण्यास हरकत नाही.) '-तात' वर थांबणाऱ्या पाठात या फरकास जागाच उरत नाही. मराठीजवळ ऐकीव गोष्ट वेगळी ओळखविणारे 'म्हणे' हे एक सुंदर अव्यय आहे. परंतु पाठकर्त्यांस ते घरगुती वाटत असावे. ज्या विषयात 'कोणास, कोठे, किती वेळा आढळले' हाच मुख्य प्रश्न, त्यात ऐकीव व आढळलेले यांतील भेद भाषेतून पुसला जाणे ही साधी बाब नव्हे.

हा दोष पडद्याने निर्माण केला, असे मात्र म्हणता येणार नाही. वॉट्सन व रेनर यांनी १९२० मध्ये वर्णिलेल्या 'छोट्या आल्बर्ट'ची कथा छापील पाठ्यपुस्तकांतून कशी बदलत गेली, हे बेन हॅरिस यांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते. मूलाला भिववणाऱ्या वस्तूंच्या यादीत नवनव्या वस्तूंची भर पडली. काही लेखकांनी तर त्याची भीती शेवटी नाहीशीही करून टाकली. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या किटी जेनोव्हीज हिच्या हत्येचे अडतीस निष्क्रिय साक्षीदार पुराव्यास उतरत नाहीत, हे २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हाइन व कॉलिन्स यांनी मांडले. या घटनेवरून स्फुरलेले डार्ली व लाताने यांचे १९६८ चे प्रयोग मात्र त्या कथेवर अवलंबून नाहीत, आणि नेमका हाच विवेक विद्यार्थ्यास शिकवावयाचा असतो. छापील पानावर निदान वाचक थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, कोष्टक पाहू शकतो. पडद्यावरही तो थांबू शकतो. पण चित्र, संगीत आणि निवेदकाचा आवेश त्यास थांबू देत नाहीत. कथा जितकी रंगते तितकी तिच्या प्रमाणाची चौकशी लांबणीवर पडते.

आता दुसरी बाजू. मानसशास्त्रातील कितीतरी प्रयोग असे आहेत की जे पंधरा वर्षांच्या मुलाने घरी बसून, स्वतःवर करावे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक ग्रंथात प्रयोगकर्ता व प्रयुक्त एकच होता. एकट्याने, सुमारे २३०० निरर्थक शब्दावयव तयार करून, ते पाठ करून आणि पुन्हा पाठ करून त्यांनी आपले विस्मरण मोजले. पुन्हा पाठ करताना वाचणारे श्रम वीस मिनिटांनंतर ५८ टक्के होते, एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४ आणि एकतीस दिवसांनंतर २१. २०१५ मध्ये मुरे व ड्रॉस यांनी पुन्हा एकाच प्रयुक्तावर हा प्रयोग केला, तेव्हा वक्राची ठेवण बरीचशी तशीच आली. ऑनलाइन विद्यार्थी एकटा पडतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु या एका शास्त्रात एकटेपणाला थोर पूर्वज आहे, हे पाठकर्ते विसरतात. विस्मरणाचा वक्र पडद्यावर रेखून दाखविण्यास अर्धे मिनिट लागते. विद्यार्थ्याने तो स्वतःच्या आकड्यांतून काढावयाचा तर महिना लागेल. शिकणे या दुसऱ्या मार्गाने होते.

जॉन रिडले स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग तर याहूनही सोपा आहे. रंगांची नावे भलत्याच रंगाच्या शाईत छापावयाची आणि वाचकाने शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयाचा. शंभर साध्या रंगीत चौकोनांचे रंग सांगण्यास सरासरी ६३.३ सेकंद लागले, तर विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगण्यास ११०.३ सेकंद. उलट, विसंगत शाईतील शब्द नुसते वाचण्यास जेमतेम अडीच सेकंदांहून कमी वेळ अधिक लागला. इंटरनेटवरून असे प्रयोग विश्वसनीय ठरतात काय, ही शंका २०१३ मध्ये क्रम्प, मॅक्डॉनेल व गुरेकिस यांनी तपासली. प्रयोगशाळेबाहेर, लोकांच्या घरच्या संगणकांवर स्ट्रूप-परिणाम व्यवस्थित मिळाला. अत्यल्प काळ दाखविलेल्या उद्दीपकांच्या बाबतीत मात्र यश तितकेसे आले नाही. सामान्य पडदा सेकंदास साठ वेळा चित्र बदलतो, त्यामुळे सुमारे सतरा मिलिसेकंदांपेक्षा सूक्ष्म विभागणी त्यावर करता येत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. स्ट्रूप यांचा प्रयोग मिलिसेकंदांचा नव्हताच. त्यांनी संपूर्ण यादीस लागलेला वेळ मोजला. ज्या घरात चार माणसांत एक मोबाइल आहे, तेथेही कागद, रंगीत पेन्सिली आणि त्या मोबाइलमधील स्टॉपवॉच एवढ्यावर हे काम भागते.

हे प्रयोग मराठीत करावयाचे तर मात्र भाषाशास्त्राची गाठ पडते, आणि नुसत्या भाषांतराने निभावणाऱ्या पाठकर्त्यास ती सुटत नाही. 'लाल' हा शब्द एकावयवी आणि अविकारी. 'निळा', 'हिरवा', 'पिवळा' हे द्व्यवयवी आणि लिंगानुसार बदलणारे. 'रंग कोणता?' असे विचारले तर मूल 'निळा' म्हणते, 'शाई कोणती?' असे विचारले तर 'निळी'. यादीत 'निळा' छापून दुसरा प्रश्न विचारला, तर छापलेले व बोलावयाचे रूप एक राहत नाही आणि विसंगतीत भलताच घटक शिरतो. शब्दांची लांबी विषम असल्याने वेळाची तुलना करताना प्रत्येक रंगाची आवृत्ती समान ठेवावी लागते. इंग्रजी पाठात या गोष्टींचा उल्लेख नसतो, कारण त्या भाषेत रंगविशेषणे विकार पावत नाहीत.

निरर्थक शब्दावयवांची अडचण याहून गंभीर आहे. एबिंगहाउस यांचा अवयव व्यंजन-स्वर-व्यंजन असा. या घडणीच्या मराठी शब्दांची संख्या एवढी मोठी आहे की निरर्थक अवयव शोधणे हेच एक संशोधन होऊन बसते : घर, पाय, झाड, वीट, कान, मूल. 'गूब' किंवा 'ठीझ' असे काही रचले तरी उच्चारात अवयव एक आणि लेखनात अक्षरे दोन, अशी स्थिती होते. अंत्य अकार कोणी उच्चारील, कोणी गाळील. विद्यार्थ्याने नेमके काय पाठ केले, हे मोजणाऱ्याने आधी ठरवावयास हवे. इंग्रजी यादीच देवनागरीत उतरविण्याचा सोपा मार्ग तर अगदीच फसवा आहे. 'बॅप', 'डॅक' यांतील अर्धचंद्र मराठी वाचकास 'हा इंग्रजी शब्द आहे' असे तत्क्षणी सांगतो. म्हणजे ज्या साहचर्यापासून मुक्त व्हावयाचे तेच चिन्हाबरोबर येते. या चर्चेत विद्यार्थ्यास ओढणे, त्याच्याकडूनच यादी करवून घेणे, हा पाठाचा उत्तम आरंभ ठरेल. 'नियंत्रण' हा शब्द व्याख्येविना त्यास कळू लागेल.

द्विभाषिक विद्यार्थ्याच्या ठायी एक वेगळीच संधी आहे. प्रेस्टन व लँबर्ट यांनी १९६९ मध्ये द्विभाषिकांवर स्ट्रूपचा प्रयोग केला : शब्द एका भाषेत, उत्तर दुसऱ्या भाषेत. अडथळा दोन भाषांमध्येही आढळतो. सामान्यतः एकाच भाषेत तो अधिक असतो. पुण्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी आणि न्यू जर्सीतील मराठी कुटुंबात वाढलेला, देवनागरी अडखळत वाचणारा विद्यार्थी यांनी एकच यादी देवनागरीत व रोमन लिपीत वाचली, तर कोणास कोणती लिपी अधिक अडविते? वाचन किती आपोआप होते, हे येथे अडथळ्यावरूनच कळते; वाचनात कच्चा असणे हे या एका खेळात लाभदायक ठरते. दोन ठिकाणच्या मुलांचे आकडे एका कोष्टकात आणणे ऑनलाइन वर्गाला जितके सुलभ आहे तितके चार भिंतींच्या वर्गाला कधीच नव्हते.

परिभाषेचा प्रश्नही याच मार्गाने हलका होतो. 'ऋण प्रबलन' आणि 'शिक्षा' यांत सर्वत्र गोंधळ होतो. 'नकारात्मक प्रबलन' म्हटल्याने तो वाढतोच, कारण मराठीत 'नकारात्मक' या शब्दास निंदेचा वास आहे. पण पडद्यावर एक कर्कश आवाज सुरू करावा आणि कळ दाबल्यावर तो थांबावा, अशी योजना केली तर दोन मिनिटांत विद्यार्थ्याचे कळ दाबणे वाढते. काहीतरी काढून घेतले गेले आणि वर्तन बळावले, हे त्याच्या बोटांस कळल्यावर 'ऋण' या गणिती शब्दाची समर्पकता सांगावी लागत नाही. संज्ञा अनुभवामागून आली पाहिजे. आजच्या पाठांत ती चौकटीत, ठळक अक्षरांत, आधी येते.

आणखी एक विसंगती नोंदविणे अवश्य आहे. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखविले की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांस पाच मिनिटांनंतर अधिक आठवते (८१ विरुद्ध ७५ टक्के), परंतु आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे जातात (५६ विरुद्ध ४२). श्पुनार, खान व शॅक्टर यांनी २०१३ मध्ये ऑनलाइन व्याख्यानाच्या मध्ये मध्ये चाचण्या घातल्या, तेव्हा विद्यार्थ्यांचे मन कमी भरकटले. हे निष्कर्ष मानसशास्त्राचेच असताना ते सांगणारा पाठ स्वतः अखंड बोलत राहतो, हे नवल होय. शेवटी पाच बहुपर्यायी प्रश्न जोडल्याने त्याचे परिमार्जन होत नाही.

स्वतःवर प्रयोग करण्याच्या या आग्रहावर एक आक्षेप सबळ आहे. सर्व मानसशास्त्र स्मृती व अवधान यांत सामावत नाही. आज्ञापालन, पूर्वग्रह, मनोविकार यांवर मुलांनी घरी प्रयोग करणे अशक्य आणि अनुचितही आहे. फसवणुकीवर आधारलेल्या प्रयोगानंतर प्रयुक्ताची समजूत घालावी लागते, ती तारेवरून होत नाही. हे मान्य करावयास हवे. तेथे आख्यान राहणारच. मात्र ज्याने आपल्या विस्मरणाचा वक्र स्वतः काढला आणि तो ग्रंथातील वक्राशी जुळला नाही असे पाहिले, तो विद्यार्थी मिलग्रॅमची कथा ऐकताना 'किती जण?' असे विचारील, अशी आशा बाळगण्यास आधार आहे.

कॉलेज बोर्डाने २०२४-२५ पासून या विषयाचे नऊ विभाग पाचावर आणले आणि संशोधनलेखाचे विश्लेषण व पुराव्यावर आधारलेले विधान यांस परीक्षेत स्वतंत्र प्रश्न दिले. मे २०२५ ची परीक्षा संगणकावर झाली. परीक्षेने दिशा बदलली आहे. पाठ अजून २०१४ च्याच चालीवर आहेत. मराठीत या पाठांची अनुकृती करू इच्छिणाऱ्यांनी अनुवादास बसण्यापूर्वी रंगांच्या चार नावांची एक यादी मराठीत रचून, ती दहा मुलांकडून वाचवून घ्यावी आणि लागलेले सेकंद लिहून ठेवावेत.