उसनं गणित आणि वरचं नाव

मंडळी, कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये बसून सॉफ्टवेअरची समीक्षा करायची, याची काहींना गंमत वाटेल. पण समीक्षा फक्त कादंबरीचीच करायची असं कुणी ठरवलंय? प्रोग्रामही कुणीतरी लिहिलेला असतो, तो वाचता येतो, आणि त्यातही लेखकाचे निर्णय दिसतात. आज आम्ही वाचायला घेतलंय ते मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं काम, म्हणजे सायलॅबसाठीची ऑप्टिमायझेशन टूलबॉक्स.

सायलॅब हे मॅटलॅबसारखं, पण मुक्त आणि फुकट मिळणारं गणिती सॉफ्टवेअर. मॅटलॅब विकतचं. ग्रामीण भागातल्या कॉलेजाला हा फरक किती पडतो ते इथं सांगायला नको. फॉसीच्या मंडळींनी केलं असं की ऑप्टिमायझेशनचं गणित स्वतः लिहायच्या भानगडीत ते पडले नाहीत. कॉइन-ओआर नावाच्या मुक्त प्रकल्पात आयपॉप्ट, सिंफनी, बॉनमिन अशा कसलेल्या लायब्रऱ्या होत्या. त्या आणल्या आणि सायलॅबला जोडल्या. हे शहाणपणाचंच झालं. आयपॉप्टमागं कित्येक वर्षांचं संशोधन आहे. ते पुन्हा लिहायला बसणं म्हणजे विहीर असताना शेजारी दुसरी खणणं.

प्रश्न जोडणीचा आहे. बाहेरची लायब्ररी आणली की मध्ये एक दुभाषा लागतो. वापरणारा सायलॅबमध्ये सूत्र लिहितो, आयपॉप्ट सी प्लस प्लसमध्ये चालतं, आणि प्रत्येक फेरीला ते विचारतं: या ठिकाणी किंमत किती, उतार किती? दुभाष्यानं सायलॅबला विचारून उत्तर परत न्यायचं. एवढं काम टूलबॉक्सनं नीट केलंय. पण दुभाष्याचं काम तिथंच संपत नाही. शेवटी निकाल सांगावा लागतो. उत्तर सापडलं, की नुसताच वेळ संपला?

आमचा आक्षेप इथंच आहे. टूलबॉक्समध्ये एफमिनकॉन नावाचं फंक्शन आहे. नाव मॅटलॅबचं, मांडणीही तशीच, जेणेकरून तिकडून येणाऱ्याला अडचण नको. मॅटलॅबच्या एफमिनकॉनमध्ये निकालाचा आकडा 1 आला तर काम झालं, आणि 0 आला तर फेऱ्यांची मर्यादा संपली. फॉसीच्या एफमिनकॉनमध्ये 0 म्हणजे उत्तर सापडलं, आणि 1 म्हणजे फेऱ्या संपल्या. बरोबर उलटं! कारण हे आकडे आतल्या आयपॉप्टचे आहेत, तिथून जसेच्या तसे बाहेर आले. पाटी एकाची, हिशोबाची वही दुसऱ्याची.

मदतपानावर हे सगळं लिहिलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही, हे मान्य. पण मॅटलॅबवाले सवयीनं लिहितात, ‘आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर पुढं जा.’ तोच कोड इथं आणला की अपयश पुढं जाणार आणि यश अडणार. तेही कसलीही तक्रार न करता.

त्यामानाने याच टूलबॉक्समधलं सिंफनी हे फंक्शन आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं. नावच लायब्ररीचं. निकालाचा आकडा 227 आला तर सर्वोत्तम उत्तर, 228 आला तर वेळ संपली. विचित्र आकडे खरे, पण विचित्र आहेत म्हणूनच माणूस मदतपान उघडतो. ओळखीचा वाटणारा 1 कुणी तपासत नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न या मुक्त प्रकल्पाने तैवानमधल्या संशोधकांची लिबएसव्हीएम ही लायब्ररी थेट आपल्या कोडमध्येच घेतली आणि गरजेप्रमाणे बदलली. एसव्हीएम शिकवणं म्हणजे मुळात वर्गसमीकरणाच्या जातीचं ऑप्टिमायझेशनच. मग ते सर्वसाधारण लायब्ररीला का देऊ नये? हिशोब करा. 10,000 नमुने घेतले तर तक्त्यात 10 कोटी आकडे, प्रत्येकी 8 बाइट, म्हणजे 800 एमबी नुसता तक्ता. लिबएसव्हीएम अख्खा तक्ता मांडतच नाही, थोडे थोडे आकडे घेऊन पुढं सरकते. म्हणजे उसनं काय घ्यायचं, ही निवडही लेखनातलीच.

पण आम्हाला आवडली ती दुसरी गोष्ट. या एसव्हीएमकडून संभाव्यता मागितली तर कधीकधी ती त्याच्याच निर्णयाशी जुळत नाही. ‘हो’ म्हणतो आणि शक्यता मात्र निम्म्याहून कमी सांगतो. हा दोष लिबएसव्हीएमच्या पद्धतीतून आलेला. सायकिट-लर्नने तो आपल्या दस्तऐवजात स्पष्ट नोंदवलाय. उसनवारीबरोबर आलेलं वैगुण्य आपल्याच दारावर लिहून ठेवलं.

हे सगळं आपल्याला कशाला? बघा, कुणाच्या उसाला आधी तोड, हा या भागातला खरा प्रश्न. गटांची वयं, साखरेचा उतारा, टोळ्या, गाड्या, रोजचं गाळप. हा प्रश्न पूर्णांकांच्या ऑप्टिमायझेशनचा आहे आणि सिंफनीसारख्या लायब्ररीला देता येतो. उपग्रहाचं चित्र पाहून ऊस कुठं आणि किती पक्व, हे मशीन लर्निंगनं ठरवता येतं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला बरोबर घेऊन उसात एआयचा वापर सुरू केलाच आहे. उद्या एखाद्या पोरानं मुक्त लायब्रऱ्या जोडून तोडीचं वेळापत्रक काढलं, आणि वेळ संपल्यामुळं हाती आलेलं कसंबसं उत्तर ‘सर्वोत्तम’ म्हणून छापलं, तर ज्याचा ऊस महिनाभर मागं पडला त्यानं कुणाला विचारायचं? ‘कॉम्प्युटरनं सांगितलं’ एवढंच उत्तर मिळेल. आत 228 होता, हे कुणालाच कळणार नाही.

म्हणून फॉसीच्या टूलबॉक्सला मार्क देताना आम्ही गणिताचे पूर्ण देतो, दुभाष्याचे अर्धे कापतो. दुरुस्ती फार मोठी नाही. नाव मॅटलॅबचं ठेवायचं असेल तर आयपॉप्टचा आकडा त्या नावाच्या अर्थात बदलून द्यावा, दहाबारा ओळींचं काम. ते नको असेल तर नावातच आयपॉप्ट येऊ द्यावं. क्यूपीआयपॉप्ट नावाचं फंक्शन त्यांच्याकडे आहेच. कोड उघडा आहे, इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनीही तो बदल लिहून पाठवायला हरकत नाही.