क्रांती की क्रमविकास? : सर्पगंधेच्या संशोधनाच्या निमित्ताने

विज्ञानातील बदल क्रांतीने होतो की क्रमाक्रमाने, हा प्रश्न थॉमस कून यांच्या १९६२ सालच्या 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स' या ग्रंथामुळे ऐरणीवर आला. उर्दूत 'इन्किलाब' व 'इर्तिका', मराठीत 'क्रांती' व 'क्रमविकास' अशी ही जोडी आहे. कून यांच्या मते बराच काळ एका मान्य चौकटीत नित्याचे संशोधन चालते. न सुटणाऱ्या विसंगती साठत जातात आणि अखेर चौकटच बदलते. लाव्हाझिएचे रसायनशास्त्र व आइन्स्टाइनचे भौतिकशास्त्र ही त्यांची ठळक उदाहरणे होत. परंतु भौतिकशास्त्रातही हा बदल एका दिवसात झाला नाही. प्लांक यांनी १९०० मध्ये ऊर्जेच्या पुंजाची कल्पना मांडली. पुंजयामिकी आकाराला यायला १९२५-२६ साल उजाडावे लागले. औषधसंशोधनाला तर कून यांची मांडणी आणखीच अपुरी पडते. सर्पगंधेचा इतिहास याचे बोलके उदाहरण होय.

उन्माद व निद्रानाश यांवर सर्पगंधेचे मूळ देण्याची भारतातील प्रथा जुनी आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने संशोधन सुरू झाले. तेथे डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी या मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला दिवंगत हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले (१९३१). त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील या औषधाचे अनुभव प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी रेसर्पीन वेगळे केले. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

इथवर कोणतीही चौकट मोडलेली नाही. पुढची पायरी मात्र वेगळी होती. रेसर्पीनमुळे मेंदूतील सेरोटोनिन व तत्सम द्रव्यांचे साठे रिते होतात, असे आढळले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवले. मेंदूतील पेशींमधील संदेश रासायनिक असतात, या विचाराला त्यातून बळ मिळाले आणि कंपवाताच्या उपचाराची वाट खुली झाली. कार्लसन यांना २००० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही क्रांती होती, पण तिचे साधन संथ कामातून हाती आले होते.

याउलट 'सारे आपल्या जुन्या ग्रंथांत होतेच' हा दावाही टिकत नाही. परंपरेला मूळ ठाऊक होते. त्यातील नेमके द्रव्य, त्याची मात्रा आणि नैराश्यासारखे दुष्परिणाम प्रयोग व निरीक्षण यांतूनच कळले. सिद्दीकींच्या यादीतही रेसर्पीन नव्हते. यात त्यांचा कमीपणा नाही. उरलेले काम पुढच्यांनी केले.

२०२३ मध्ये जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यात व शेजारच्या सौंसरमध्ये हा प्रश्न वर्गातला आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुढे इंग्रजी पुस्तके, अशा वाटेने येणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञान म्हणजे दूरदेशीच्या प्रतिभावंतांचा चमत्कार वाटला, तर त्यात आपली जागा त्याला दिसत नाही. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलाला जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणे ठाऊक असते. फळ संत्र्याचे येते, पण झाड उभे राहते जंबेरीच्या मुळावर. क्रांती व क्रमविकास यांचे नातेही असेच आहे.

म्हणून शिक्षकांनी केवळ शोधकांची नावे न सांगता १९३१, १९४९, १९५२ आणि १९५७ ही साले फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक पायरीवर कोणता प्रश्न बदलला, ते विचारावे. कून यांच्या ग्रंथाचे मोल त्याने कमी होणार नाही. त्याची मर्यादा मात्र विद्यार्थ्यांना स्वतःच उमगेल.