‘स्त्रीर पत्र’ : नष्ट झालेले दुसरे पत्र

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘स्त्रीर पत्र’ ही कथा १९१४ साली ‘सबुजपत्रा’त प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिची चर्चा बहुधा मृणालच्या बंडाची कथा म्हणूनच होत आली आहे. पंधरा वर्षांच्या संसारानंतर पुरीहून पतीला पत्र लिहून घराचा निरोप घेणारी ही स्त्री समीक्षकांना मोह घालते, हे स्वाभाविकच होय. परंतु अशा वाचनात बिंदू केवळ निमित्तमात्र ठरते. नायिकेचे डोळे उघडावेत म्हणून जणू तिने मरावे! या कथेवर याहून मोठा अन्याय नाही.

वस्तुतः बिंदूचा अंत अकस्मात ओढवत नाही. ही पोरकी मुलगी बहिणीच्या सासरी येते, ती स्वतःला भार समजूनच. लग्न ठरताच ती मृणालचे पाय धरते. वेड्या नवऱ्याच्या घरून पळून येऊन कोळशाच्या खोलीत अंग चोरून बसते. परत पाठविली जाते, पुन्हा पळते, पुन्हा पाठविली जाते. आपल्याला साऱ्यांनी टाकलेच का, असेही ती विचारते. यांतील एकेक गोष्ट म्हणजे धोक्याची सूचना आहे. घराला मात्र तीत हट्ट दिसतो. एकट्या मृणालला ती उमगते. पण पुरीच्या गाडीची योजना होईतो उशीर झालेला असतो.

मरण्यापूर्वी बिंदूने मृणालसाठी एक चिठ्ठी ठेवली होती. ती सासरच्यांनी नष्ट केली. या तपशिलाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. शीर्षकातील पत्र मृणालचे खरे. पण ते लिहिले जाते ते दुसऱ्या, न वाचल्या गेलेल्या पत्राच्या जागी. बिंदूच्या मृत्यूवर घरातले पुरुष उपहासाने बोलतात. आपली वृत्तपत्रे ‘क्षुल्लक कारणावरून’ असे छापून मोकळी होतात. दोन्हींचा हेतू एकच : पुढचा प्रश्न विचारावा लागू नये.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली देशात २३,१७८ गृहिणींनी आत्महत्या केल्या. यांतील कित्येकींनी आपल्या परीने आधी सांगितले असेल. ‘मी गेले तर बरे’ हे वाक्य, एकाएकी आलेला अबोला, जपलेल्या वस्तूंची वाटणी, दीर्घ अस्वस्थतेनंतरची अनपेक्षित शांती, ही सारी भाषाच आहे. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असे मानसशास्त्र सांगते. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. विचारणाऱ्याने मग तिला एकटी सोडू नये, घातक साधने दूर ठेवावीत, जाणकाराची मदत मिळवावी. १४४१६ ही ‘टेली-मानस’ची दूरध्वनिसेवा २०२२ पासून चालू आहे.

मृणाल शेवटी पतीला बजावते की ती मरणार नाही, जगणार आहे. हा कथेचा विजय खराच. पण तो संपूर्ण नव्हे. कारण जगण्याचा तोच हक्क बिंदूचाही होता. तिची चिठ्ठी आता कोणालाच वाचता येणार नाही. आपल्या घरातली मात्र अजून लिहिली जात असेल, तोवर वाचता येईल.