टेलिप्रेझेन्स: क्लस्टर घरी आणताना काय मागे राहतं?

तुमच्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. जे नाहीत त्यांनीही वाचावं. शेवटी विषय दूर राहून जवळचं काम करण्याचा आहे, आणि तो आपल्या सगळ्यांचाच आहे.

कुबरनेटीस क्लस्टरवर चालणाऱ्या सेवेत चूक निघाली की नेहमीचा रस्ता असा: कोडची एक ओळ बदला, कंटेनरची इमेज पुन्हा बांधा, रजिस्ट्रीत चढवा, नवा पॉड उभा राहण्याची वाट बघा. एका ओळीमागे दहा मिनिटं जातात. या कटकटीवर डेटावायर कंपनीने टेलिप्रेझेन्स हे मुक्तस्रोत साधन काढलं आणि २०१८ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. त्याची युक्ती अशी, की क्लस्टरमधल्या सेवेच्या पॉडमध्ये एक छोटा मध्यस्थ बसतो आणि तिथे येणाऱ्या रिक्वेस्ट तुमच्या लॅपटॉपकडे वळवतो. तिथले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, तिथल्या फाइली आणि शेजारच्या सेवांची नावं लॅपटॉपवर जशीच्या तशी मिळतात. तुम्ही आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये ब्रेकपॉइंट लावून बसता. पहिल्यांदा वापरलं तेव्हा मी खुर्चीतून उठून सहकाऱ्याला बोलवायला गेलो होतो.

मग ती दुसरी गोष्ट घडली. आमची एक सेवा जनुकीय बदलांच्या मोठ्या फाइली वाचून अहवाल बनवते. काही फाइलींना उत्तर अर्ध्यातच तुटायचं. पॉड मात्र ठणठणीत दिसायचा, एकदाही रीस्टार्ट झालेला नव्हता. मी टेलिप्रेझेन्स लावलं, तीच फाइल पाठवली, आणि सगळं सुरळीत! पुन्हा पाठवली, पुन्हा सुरळीत. दोन दिवस मी शेजारच्या सेवांवर संशय घेत बसलो.

चूक होती मेमरीची. पॉडला १ जीबीची मर्यादा होती, माझ्या लॅपटॉपला ३२ जीबी. क्लस्टरमध्ये मर्यादा ओलांडली की मुख्य प्रोसेस जगायची आणि तिची कामकरी प्रोसेस मारली जायची. म्हणून वरून काहीच दिसायचं नाही. टेलिप्रेझेन्सने शेजार आणला होता, खोली आणली नव्हती. लॅपटॉपवरच कंटेनरला १ जीबीची मर्यादा घालून फाइल चालवली, तर पहिल्याच फेरीत चूक हाती लागली.

ही मर्यादा नवी नाही. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतून जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा एक लेख निघाला. त्याचं म्हणणं असं, की दूरची वस्तू आणि जवळची वस्तू सारखीच आहे असं भासवणारी रचना मुळात फसवी असते. फरक चार ठिकाणी पडतो: लागणारा वेळ, मेमरी, अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी चालणारी कामं. त्यातला अर्धवट बिघाड सर्वांत कठीण, कारण एक भाग मरतो आणि बाकीच्यांना कळतही नाही. माझी मेलेली प्रोसेस ही नेमकी तीच गोष्ट. लेख प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी होता. चूक शोधणाऱ्याचं स्वतःचं बसण्याचं ठिकाण बदललं तर काय होतं, हा प्रश्न त्यात नाही. पण उत्तर त्याच दिशेचं आहे: फरक लपवू नका, दाखवा. माझा टेलिप्रेझेन्सवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. लॅपटॉपवर पॉडची कुठली मर्यादा लागू नाही, हे त्याने जोडणी होतानाच ठळकपणे सांगायला हवं.

दुसरा आक्षेप जर्मनीत बसून जास्त जाणवतो. सगळ्या रिक्वेस्ट वळवल्या तर खऱ्या माणसांचा डेटाही लॅपटॉपवर येतो. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय डेटा-संरक्षण नियमात आरोग्याची आणि जनुकीय माहिती विशेष संरक्षित गटात मोडते. ती रेल्वेच्या डब्यात मांडीवर उघडायची गोष्ट नव्हे. शिवाय मे २०२० आठवा. चोरलेल्या एसएसएच ओळखींच्या जोरावर युरोपातल्या अनेक सुपरकॉम्प्युटर केंद्रांत घुसखोरी झाली आणि युलिशपासून म्युनिकजवळच्या गार्किंगपर्यंतच्या यंत्रणा बाहेरच्यांसाठी बंद कराव्या लागल्या. लॅपटॉपपासून क्लस्टरपर्यंतचा प्रत्येक बोगदा दोन्ही बाजूंनी उघडतो.

मग वापरू नये का? जरूर वापरा. चूक तर्कात असेल, दोन सेवांच्या संवादात असेल, तर याच्यासारखं साधन नाही. फक्त चाचणीच्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये, बनावट डेटावर, आणि ठरावीक हेडर असलेल्याच रिक्वेस्ट वळवून. चूक मेमरी, वेळ किंवा प्रोसेसरशी संबंधित वाटली तर मात्र जिथे घडते तिथेच जा. चालू पॉडला तात्पुरता डीबग-कंटेनर जोडण्याची सोय कुबरनेटीसमध्ये २०२२ पासून स्थिर झाली आहे.

आपण दर रविवारी आईला व्हिडिओवर बघतो. ती केस विंचरून, खुर्ची उजेडात ओढून बसलेली असते. चेहरा दिसतो, आवाज येतो, आणि आपण निर्धास्त होतो. ती त्या खुर्चीपर्यंत भिंतीला धरत आली, हे कळायला मला पुण्यालाच जावं लागलं.