कर्तव्य कोणी कोणाला सांगायचे?

‘हक्क मागता, पण कर्तव्याचे काय?’ हा प्रश्न दलित कार्यकर्त्याला आयुष्यात किती वेळा ऐकावा लागतो याची मोजदाद नाही. राखीव जागांचा विषय निघाला की कचेरीतला सहकारी तो विचारतो. अडलेल्या शिष्यवृत्तीसाठी निवेदन घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांना आधी अभ्यासाचे कर्तव्य करा असे ऐकवले जाते. अत्याचाराची फिर्याद नोंदवायला गेलेल्या माणसाला गावाचा सलोखा राखण्याचे कर्तव्य समजावून सांगितले जाते. प्रश्न वरवर साधा दिसतो. हक्क आणि कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे शाळेच्या नागरिकशास्त्रातच आपण घोकलेले असते. परंतु घोकलेली वाक्ये तपासून पाहणे हे समीक्षेचे काम आहे. म्हणून मी हा प्रश्न उलटून विचारतो : कर्तव्य कोणी कोणाला सांगायचे?

आपल्या समाजाला ‘कर्तव्य’ हा शब्द नवा नाही. ‘हक्क’ हा शब्दही नवा नाही. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी परंपरागत कथा आपल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली आहे. हे हक्क कोणते होते? मेलेल्या जनावराच्या कातड्याचा हक्क. मढ्यावरच्या कापडाचा हक्क. खळ्यावरच्या बलुत्याचा हक्क. दारोदार भाकरी मागण्याचा हक्क. या हक्कांच्या बदल्यात करायचे काय? गावात मेलेले ढोर ओढायचे, मयताची वर्दी घेऊन परगावी जायचे, चावडीवर माणसे बोलावून आणायची, सरकारी वसुलाची राखण करीत तालुक्याला चालत जायचे, पाटलाच्या दारात लाकडे फोडायची. दिवस आणि रात्र असा भेद नव्हता, कामाला सीमा नव्हती आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय तर नव्हतीच. म्हणजे हक्क आणि कर्तव्य यांची जोडी जर कुठे पक्की बांधलेली असेल, तर ती महारकीत होती. तरीही ती गुलामगिरीच होती. कारण त्या जोडीत स्वातंत्र्य नव्हते. ज्याला काम नाकारता येत नाही त्याच्या कामाला कर्तव्य म्हणता येत नाही, आणि जो सोडता येत नाही तो हक्कही नव्हे. ती नुसती वेसण असते.

या अनुभवावर गांधीजींचा एक विचार घासून पाहिला पाहिजे. १९४७ साली मानवी हक्कांविषयी युनेस्कोच्या ज्युलियन हक्स्ले यांनी त्यांचे मत मागितले, तेव्हा गांधीजींनी उत्तरात कळवले की हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून मिळतात, ही गोष्ट आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. विचार उदात्त आहे आणि त्यामागच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तो महारवाड्यात, मांगवाड्यात आणून पाहा. आमच्या निरक्षर आयांनी काय कमी कर्तव्य केले होते? पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी गावचे अंगण झाडले आणि गावची सरपणे वाहिली. त्या कर्तव्यातून कोणता हक्क उगवला? पाणवठ्यावर पाय ठेवण्याचासुद्धा नाही. कर्तव्यातून हक्क निघतो हा सिद्धान्त ज्याच्या पायाखाली आधीच जमीन आहे त्याला लागू पडतो. ज्याला माणूस म्हणूनच मोजलेले नाही, त्याने कितीही राबावे. त्याच्या राबण्याची नोंद त्याच्या खात्यावर होत नाही.

बाबासाहेबांनी ही गाठ बरोबर ओळखली. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याच्या आधी ‘बहिष्कृत भारता’तून महार वतनाची चिकित्सा केली, आणि आपल्याच माणसांना जिवाभावाच्या वाटणाऱ्या ‘हक्का’वर पाणी सोडायला सांगितले. हे सोपे नव्हते. वतनाचा जमिनीचा तुकडा कितीही लहान असला तरी तो आधार होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने संपली, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

महाडचा लढा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ सालचा. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. म्हणजे हक्क कागदावर होता, पण तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. मराठीत हक्कही ‘बजावतात’ आणि कर्तव्यही ‘बजावतात’, हुकूमसुद्धा बजावतातच. शतकानुशतके आमच्या वाट्याला फक्त हुकूम बजावणे आले होते. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली, तेव्हा हक्क बजावणे हेच कर्तव्य झाले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस टाका, शिळ्यापाक्या भाकरीची भीक सोडा, असे सांगितले. स्पृश्यांना आवडावे, त्यांनी हक्क द्यावेत, म्हणून हे सांगितलेले नव्हते. स्वतःच्या नजरेत माणूस म्हणून उभे राहण्यासाठी ते होते.

त्याच दिवशी सनातन्यांनी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला. आपल्या लोकांत लष्करातून परतलेले, हात चालवू शकणारे कितीतरी होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात दुसऱ्यांदा सगळे जमले. न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावरचा सत्याग्रह मात्र स्थगित करण्यात आला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ ही तारीख उजाडावी लागली. दहा वर्षे! ज्याला कायद्याने कधी माणूस मानले नाही, त्याने दहा वर्षे कायद्याची वाट पाहिली. स्वातंत्र्याबरोबर येणारी नैतिक जबाबदारी ती हीच. ती आम्हाला कुणी शिकवायला आले नव्हते. उलट ती मोडणारे होते ते कर्तव्याची प्रवचने देणारेच.

राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये नव्हती, ती मागाहून घालावी लागली, असे सांगताना लोक घटनेत काहीतरी उणे होते असे सुचवतात. ही समजूत चुकीची आहे. अनुच्छेद १७ वाचावा. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, असे तो सांगतो. हा हक्क आहे हे खरे, पण त्यातली आज्ञा कुणाला उद्देशून आहे? शिवाशिव पाळणाऱ्या प्रत्येक नागरिकाला. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. तिथे महाडचे तळेच घटनेत येऊन बसले आहे. म्हणजे घटनेने कर्तव्य सांगितले होते, फक्त ते हक्कांच्या प्रकरणात सांगितले होते आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना सांगितले होते. शोषिताचा हक्क म्हणजेच शोषकाचे कर्तव्य, हे या मांडणीचे सूत्र आहे.

आणि कर्तव्यांची वेगळी यादी केव्हा आली? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीत. ती ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आली. त्या काळात विरोधक तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही असे म्हटले होते; न्यायमूर्ती एच. आर. खन्ना तेवढे एकटे वेगळे उभे राहिले. हक्क गोठवायचे आणि कर्तव्ये छापायची, हा योगायोग नव्हे. तरीही त्या यादीत वैज्ञानिक दृष्टी, बंधुभाव, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग या गोष्टी आहेत, आणि त्या आपल्याला नाकारण्याचे कारण नाही. नाकारायचा आहे तो त्यांचा क्रम. आणि प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की त्या दिवसांत आपलेही सगळे निष्कलंक नव्हते. नामदेव ढसाळांसारख्या बंडखोर कवीने १९७६ सालीच ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. सत्तेला प्रश्न विचारण्याचे कर्तव्य विद्रोही कवीलाही चुकलेले नसते.

कर्तव्याला दात असतील तर ते कोणाविरुद्ध असावेत, याचे चांगले उदाहरण अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९८९ च्या या कायद्याच्या चौथ्या कलमाने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगितली. २०१५ च्या दुरुस्तीने ती कर्तव्ये मोजून लिहिली : फिर्याद वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, नक्कल देणे, साठ दिवसांत आरोपपत्र ठेवणे. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ केले पाहिजे. ठाण्यात कुणी कर्तव्याचा विषय काढला, की तिथूनच संभाषण सुरू करता येते. अर्थात एवढ्याने भागत नाही. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता टिकवायला पोलिस उभा करावा लागेल, अशा आशयाचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता. आज तो पोलिसच कर्तव्य करील याची तजवीज वेगळ्या कलमाने करावी लागते. यावरून बंधुतेचा ताळेबंद समजतो.

इथपर्यंत मी त्यांच्याविषयी बोललो. पण लेख इथेच थांबवला तर तो अर्धाच खरा होईल. जो क्रम मी वर मांडला, की ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे कर्तव्य आधी, तो आपल्यालाही लागू आहे. आपल्या हाती सत्ता नाही का? घरात आहे. शिकून नोकरीला लागलेल्याच्या हाती, वस्तीत राहिलेल्याच्या तुलनेत, ती आहे. आपल्याहून खाली ढकललेल्या जातींच्या संदर्भातही आहे.

दलित स्वकथनांनी हा हिशेब मांडायला सुरुवात केली, हे त्यांचे मोठे श्रेय मी मानतो. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) गावगाड्याचे क्रौर्य सांगितले, तसे लेखकाने संशयापायी आपल्या पहिल्या बायकोला टाकल्याचेही सांगितले. त्या वेळी आपल्यातल्याच अनेकांनी तक्रार केली की घरची लक्तरे चव्हाट्यावर कशाला आणायची. प्रस्थापित वाचक याचा गैरफायदा घेईल ही भीती खोटी नव्हती. पण सत्य सांगण्याच्या हक्कासाठी ज्या साहित्याने जन्म घेतला, त्याला सोयीचे तेवढेच सत्य सांगण्याची मुभा कशी असेल? पवारांनी ती घेतली नाही. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : कबुली देणे म्हणजे देणे फिटणे नव्हे. टाकलेल्या बाईची बाजू त्या पुस्तकात तिच्या तोंडून येत नाही.

ती बाजू बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) आली. महारवाड्यातल्या सुनांचे हाल, नवऱ्यांची मारहाण, नाक कापण्यापर्यंत गेलेला पुरुषी संताप, हे सारे त्यांनी लिहिले. गावाचा गुलाम असलेला पुरुष घरात कसा धनी होत होता, हे इतक्या स्पष्टपणे आधी कुणी मांडले होते? फलटणला दुकान सांभाळत त्या लिहीत होत्या आणि कितीतरी वर्षे ते लिखाण नवऱ्यापासून लपवून ठेवीत होत्या. बाबासाहेबांच्या चळवळीने त्यांना वाणी दिली होती. पण चळवळीच्या घरातच ती दडवावी लागली. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्येही (२००३) पुढे शिकणाऱ्या, लिहिणाऱ्या बायकोविषयी नवऱ्याची कुरकुर आहेच, आणि तो नवरा अडाणी नाही, चळवळ न कळणाराही नाही. आपली समीक्षा या पुस्तकांतले सवर्णांचे अत्याचार अधोरेखित करते आणि ही पाने भरभर उलटते. हा समीक्षेने कर्तव्यात केलेला कसूर आहे.

बाबासाहेबांनी कोणासाठी काय केले ते आठवावे. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईच्या कौन्सिलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्या कोकणातल्या कुळांत कुणबी मोठ्या संख्येने होते. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाचा प्रश्न होता. त्या बिलाने ज्यांचे भले होणार होते त्या बहुसंख्य स्त्रिया अस्पृश्य नव्हत्या. ज्याला स्वतःला हक्क झगडून मिळवावा लागला, त्याने तो दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला त्यांनी शिकलेल्यांविषयी खंत व्यक्त केली ती याच ठिकाणी होती. हक्क त्यांच्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

आज ही परीक्षा अवघड जागी आली आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. त्यांतील लाभ सर्वांना सारखे पोहोचले नाहीत अशी मातंग आणि इतर समाजांची जुनी तक्रार आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने उपवर्गीकरणाला मुभा दिली. तो उपाय योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. त्यात फाटाफुटीचा धोका पाहणाऱ्यांची भीती मी उडवून लावत नाही. परंतु मागणाऱ्याला आपण ‘आधी एकजुटीचे कर्तव्य पाळा’ एवढेच उत्तर देणार असू, तर ती भाषा आपल्या ओळखीची आहे. चावडीवर ती आपण ऐकलेली आहे. तसेच मैला वाहण्याच्या कामाला बंदी करणारा २०१३ चा कायदा असूनही माणूस गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. त्याच्या मोर्चाला आपल्यातले किती प्राध्यापक, किती कवी जातात?

तेव्हा कर्तव्याचा प्रश्न आपण टाळू नये. फक्त तो विचारण्याची दिशा पक्की करावी. वरून खाली विचारला की तो हुकूम होतो. खालून वर विचारला की तो न्याय मागतो. आणि स्वतःला विचारला तर माणूस घडतो. पुढच्या वेळी सभेत कुणी म्हणेल, ‘हक्क मागता, पण कर्तव्याचे काय?’ तेव्हा त्याला अनुच्छेद १७ दाखवावा आणि तो कुणाचे कर्तव्य सांगतो ते विचारावे. मग सभा संपवून घरी जावे, आणि आपल्या जेवणाचे ताट कोणी वाढले, भाषणाला टाळ्या पडत होत्या तेव्हा ती कुठे होती, हेही विचारावे.