वीणा गळ्यात आहे, कानात नाही



अखंड हरिनाम सप्ताहात आपण वीणा खाली टेकू देत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून ती गळ्यात घेतो. ही निष्ठा थोर आहे. पण कीर्तन रंगात आले असता मंडपात बसून कान द्या. ती वीणा ऐकू येते का? पुष्कळ ठिकाणी येत नाही. आजच्या कीर्तनातील नादाविषयी माझे म्हणणे येथूनच सुरू होते.

तार छेडली की एकच स्वर निघतो असे आपण समजतो. तसे नाही. मूळ षड्ज सेकंदाला १०० कंपनांचा धरला, तर त्याच तारेतून २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनेही उठतात. २०० म्हणजे वरचा षड्ज, ३०० म्हणजे त्यापुढचा पंचम आणि ५०० म्हणजे गंधार. कोणी न छेडता येतो म्हणून तो स्वयंभू गंधार. हे सारे उपस्वर. त्यांतला कोणता किती बळकट, यावर आवाजाचा गुण ठरतो. म्हणून षड्ज एकच असला तरी वीणेचा, पेटीचा आणि गळ्याचा वेगळा ओळखू येतो. घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा हे उपस्वरच फुलवतो.

मृदंगाचे नवल आणखी मोठे. नुसत्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मुळाच्या पटीत नसतात, म्हणून ते स्वरात बोलत नाही. उजव्या पुडीवर शाईचे थर चढले की ते पटीत येतात आणि मृदंग वीणेशी मिळतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली हे शास्त्राने मांडले. आपले कारागीर ते आधीपासून हाताने साधत होते.

आता स्पीकरचे पाहा. मोठ्या समुदायाला तो लागतोच, त्याला माझा विरोध नाही. पण यंत्राच्या ताकदीपलीकडे आवाज चढवला की तो फाटतो. फाटणे म्हणजे गळ्यात नसलेले उपस्वर यंत्राने पदरचे घालणे. इकोचा दोष याहून मोठा. ‘अ’, ‘इ’, ‘उ’ हा भेद जीभ आणि ओठ जे उपस्वर उठवतात त्यांचाच असतो. इको लावला की मागच्या अक्षराचा नाद पुढच्यावर सांडतो. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’पाशी आवाज क्षणभर थांबतो, तो थांबाच बुजतो. श्रोत्याला दणका मिळतो, नाम मिळत नाही. निरूपण तर दूरच राहिले. आणि वीणा ऐकू येत नाही म्हणून तरुण कीर्तनकार ओरडू लागतो. अशाने बसलेले चांगले गळे मी पाहिले आहेत.

म्हणून कीर्तनकारांना आणि सप्ताह कमिटीला विनंती आहे. इको बंद ठेवा. आवाज फाटण्याच्या बराच आधी थांबवा. कीर्तन उभे राहण्यापूर्वी स्पीकर बंद करून दोन मिनिटे नुसती वीणा छेडा. मृदंग तिला मिळवा, टाळकऱ्यांनी षड्ज तिच्याकडूनच घ्यावा. मग स्पीकर लावा, आणि वीणा बुजणार नाही इतकाच ठेवा.

जिला आपण सात दिवस जमिनीला टेकू देत नाही, तिचे दोन मिनिटे ऐकून तरी घेऊ.

रामकृष्णहरी.