मोहेंजोदडो येथील ‘महास्नानगृह’ : मूळ पाठ कोणता व टीका कोणती ?

जगांतील अतिप्राचीन सार्वजनिक पोहण्याचा तलाव म्हणून सिंधमधील मोहेंजोदडो येथील विटांच्या कुंडाचा उल्लेख शालेय पुस्तकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत सर्वत्र आढळतो. सर जॉन मार्शल यांच्या देखरेखीखालीं १९२५–२६ सालच्या उत्खननांत हें कुंड उघडकीस आलें आणि १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक ग्रंथांत त्याचें सविस्तर वर्णन आलें. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच होता. शिवाय या स्थळीं प्रथम खणती आरंभणारे राखालदास बॅनर्जी हे पुण्यास कचेरी असलेल्या पश्चिम मंडळाचे अधिकारी होते. तेव्हां हा विषय आमच्या वाचकांस परका वाटूं नये.

हस्तलिखितें हाताळणारांस एक गोष्ट नित्य परिचयाची आहे. कोणी समासांत अर्थाची टीप लिहितो, पुढचा नकलकार ती ओळींत घालतो, आणि तिसऱ्या पिढीस ती मूळ ग्रंथकाराचीच वाणी वाटूं लागते. या वास्तूच्या बाबतींत नेमकें असेंच झालें आहे, असें आमचें म्हणणें आहे. म्हणून प्रथम पाठ पाहूं व मग टीका.

कुंडाची लांबी सुमारें ३९ फूट, रुंदी २३ फूट व खोली ८ फूट आहे. उत्तर व दक्षिण अशा दोन्ही टोकांस पायऱ्या असून त्यांवर डांबरांत लांकडी फळ्या बसविल्या होत्या. विटा जिप्समच्या लेपांत घट्ट सांधल्या आहेत. तळाच्या विटा आडव्या नसून कडेवर उभ्या आहेत. बाजूच्या भिंतीमागें सुमारें इंचभर जाडीचा डांबराचा थर व त्यामागें पुन्हां विटांचें काम आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यांत पाणी सोडण्याची मोरी असून, थरावर थर पुढें सरकवून झांकलेल्या उंच नाल्यांत तें पाणी जातें. भोंवतीं ओवऱ्या, पूर्वेस खोल्यांची रांग, व त्यांपैकीं एका खोलींत विहीर. उत्तरेस गल्लीपलीकडे दोन रांगांत आठ लहान न्हाणीघरें आहेत; त्यांचीं दारें अशीं ठेविलीं आहेत कीं एकांतून दुसऱ्याच्या आंत दृष्टि जाऊं नये. एवढा मूळ पाठ. बांधणारास पाणी झिरपूं द्यावयाचें नव्हतें आणि तें इच्छेनुरूप काढून टाकावयाचें होतें, एवढेंच यावरून निश्चित ठरतें.

आतां टीका. पहिला अर्थ ‘पोहण्याचा तलाव’. आजच्या ऑलिंपिक तलावाची लांबी ५० मीटर असते. या कुंडाची १२ मीटरहि भरत नाहीं, आणि त्या लांबीच्याच दोन्ही टोकांस पायऱ्यांनीं जागा अडविली आहे. पायऱ्यांची जागा न वगळतां तें कांठोकांठ भरावयाचें म्हटलें तर सुमारें दोन लक्ष लिटर पाणी लागेल. वीस लिटरच्या घागरीनें दहा हजार खेपा! एवढा खटाटोप केवळ जलक्रीडेसाठीं झाला, असें मानण्यास वास्तूंत कांहींच आधार नाहीं.

दुसरा अर्थ खुद्द मार्शल यांचा. त्यांच्या मतें हें कुंड जलोपचाराच्या एका विस्तीर्ण संस्थेचा भाग होय. त्याच ओघांत पश्चिमेकडील विटांचे चौथरे हे गरम हवेचा हमाम ठरले. पुढें १९५० सालीं सर मॉर्टिमर व्हीलर यांनीं तीच जागा अधिक खणली व तेथें धान्याचें मोठें कोठार होतें असा निर्णय दिला. त्यावरहि आक्षेप निघाला कीं धान्य सांठविल्याचा पुरावा तेथें मिळालेला नाहीं. विटा त्याच राहिल्या. नांवें मात्र बदलत गेलीं.

तिसरा अर्थ आमच्या मनास सर्वांत प्रिय. म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कठोर व्हावी. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं या कुंडांत उत्तरकालीन पुष्कराचें, म्हणजे पवित्र कमलसरोवराचें, पूर्वरूप पाहिलें. घरोघरीं न्हाणीघरें होतीं, आणि मिखाएल यान्सेन यांच्या अदमासाप्रमाणें नगरांत सुमारें ७०० विहिरी असाव्या. तेव्हां केवळ अंग धुण्यासाठीं हें कुंड नव्हतें, हा तर्क आम्हांस मान्य आहे. परंतु ‘अंग धुण्यासाठीं नव्हे’ येथून ‘धर्मविधीसाठींच’ ही एक उडी, आणि तेथून ‘आमचीच पुष्करिणी’ ही दुसरी. यावर कोणी म्हणेल, कमळास चिखल हवा, येथें तळ विटांनीं बंद आहे, सबब ही पुष्करिणी नव्हे. हा आक्षेपहि लटका आहे. शब्दाचा योगार्थ एक व रूढार्थ दुसरा. देवालयांच्या फरसबंद पुष्करिणींत कमळें आहेत काय, हें कोणी विचारीत नाहीं. व्युत्पत्तीनें येथें मंडनहि होत नाहीं व खंडनहि नाहीं. खरी अडचण निराळी आहे. हें नगर इ. स. पू. २६०० ते १९०० या काळांत नांदलें. ऋग्वेदाचा काळ सामान्यतः त्यानंतरचा धरितात. सिंधूची लिपि सर्वमान्य रीतीनें अद्याप वाचली गेलेली नाहीं. तेथील लोक या कुंडास काय म्हणत, हें सांगणारा एकहि शब्द आपल्या हातीं नाहीं. अध्यापनाच्या दीर्घ काळांत आम्हीं विद्यार्थ्यांस हें कुंड निःशंकपणें ‘पुष्करिणी’ म्हणून शिकविलें. ती चूक येथें कबूल करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

असा प्रमाद थोरांसहि चुकलेला नाहीं. १९११–१२ सालीं देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं हें स्थळ पाहिलें व विटा अर्वाचीन घाटाच्या दिसल्यामुळें तें अवघें दोनशें वर्षांचें ठरविलें. त्यांच्या विद्वत्तेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. त्यांनीं अज्ञात विटांस ज्ञात विटांच्या मापानें मोजलें; आपण अज्ञात कुंडास ज्ञात कुंडांच्या मापानें मोजीत आहों.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. १९८० सालीं युनेस्कोनें या स्थळास जागतिक वारशांत स्थान दिलें; तथापि जमिनींतील क्षारांमुळें विटा झडत आहेत, आणि २०२२ सालच्या अतिवृष्टीनें स्थळाची आणखी हानि झाली. पाठ झिजत असतां टीकाच पुष्ट होत राहिली, तर पुढील संशोधकाच्या हातीं फक्त टीका उरेल. म्हणून आमची सूचना अशी : वर्णनांत प्रथम ‘डांबराच्या अस्तराचें बांधीव कुंड’ असें दिसतें तेंच लिहावें, धर्मविधि हा संभव म्हणून, पुष्करिणी हें साम्य म्हणून पुढें नोंदवावें, ‘पोहण्याचा तलाव’ हा पाठ मात्र प्रक्षिप्त समजून गाळावा. याहून बळकट प्रमाण कोणी दाखविल्यास आम्ही आमचें मत आनंदानें सोडूं.